स्कॅनर बंद होता

आमच्या बडोद्यात थंडी आल्याची वर्दी भाजीवाले देतात. स्वेटर कपाटातून निघायच्या आधीच हातगाड्यांवर तुरीच्या हिरव्या शेंगांचे ढीग लागतात, लसणाची हिरवी पात दिसू लागते, जांभळा कंद अंगावरच्या मातीसकट येऊन बसतो. मग एके सकाळी कोपऱ्यावरच्या दोन खांबांमध्ये गुलाबी दोरा ताणलेला दिसतो आणि त्याला मांजा चढवत एक माणूस उलट्या पावली चालत असतो. उत्तरायण महिन्यावर आलं म्हणायचं. आकाशात अजून पतंग नसतात, पण सवयीने मान वर जाते. मला या दिवसांत आणखी एक सवय आहे. पुलावरून जाताना मी स्कूटर हळू करते आणि खाली नदीच्या काठाकडे बघते. मागचे लोक हॉर्न वाजवतात. वाजवू देत.

विश्वामित्री ही काही मिरवायची नदी नाही. बारीक, गढूळ, झुडपांत तोंड लपवून शहराच्या मधून निघून जाणारी. पण तिच्यात मगरी आहेत. बाहेरगावच्या पाहुण्यांना हे सांगितलं की त्यांना वाटतं आपण त्यांची फिरकी घेतोय. थंडीत सकाळचं ऊन जरा तापलं की त्या काठावर येऊन पडतात, जबडा उघडा टाकून, तासन्‌तास. वरून बस, रिक्षा, शाळेच्या व्हॅन चाललेल्या असतात. दोन्हीकडच्यांना एकमेकांशी काही घेणंदेणं नसतं. वर्षानुवर्षांच्या शेजाऱ्यांचं होतं तसं.

परवाच्या रविवारी माझी मुलगी रेवा फोन घेऊन स्वयंपाकघरात आली. ती सातवीत आहे. सायन्सचा प्रोजेक्ट आहे, 'आपल्या परिसरातला एक प्राणी', आणि तिने मगर घेतली आहे. "आई, कशात करू?" तिने विचारलं. मला वाटलं, कागदात की पुठ्ठ्यात असं विचारतेय. तसं नव्हतं. तीन अॅप होती. एकात सगळे साचे तयार, आपण नुसतं नाव घालायचं. दुसऱ्यात एकच भला मोठा कागद असतो आणि पडदा त्याच्यावरून घारीसारखा फिरत राहतो. तिसऱ्याला नुसता विषय सांगितला की ते सगळंच करून देतं. "तुला काहीच करायला लागत नाही," हे ती मोठ्या कौतुकाने सांगत होती.

मी विचारलं, "तू नदीवर जाऊन आलीस का?"

"टूल ठरल्याशिवाय कशी जाऊ?"

मला हसू आलं. पंचवीस वर्षांपूर्वी अशाच थंडीत मीही हाच हट्ट केला होता. नदी तीच, मगरी त्याच. आणि त्या थंडीत मी बाबांशी एक खोटं बोलले. तीन शब्दांचं, शेंगदाण्याएवढं खोटं. ते मी कधी परत घेतलं नाही.

त्या वर्षी शतक संपणार होतं. खरं शतक यंदा संपतं की पुढच्या वर्षी यावर आमच्या सोसायटीत दोन तट पडले होते. एकतीस डिसेंबरला जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडणार, विमानं खाली येणार, बँका बुडणार, असं पेपरात येत होतं. आणि नेमक्या त्याच थंडीत आमच्या सायन्सच्या टीचरांनी जाहीर केलं की जानेवारीतल्या प्रदर्शनात जे विद्यार्थी आपला प्रोजेक्ट कॉम्प्युटरवर दाखवतील त्यांना जादा मार्क मिळतील. तीन पर्याय होते. चार्ट, नाहीतर पारदर्शक कागदांवर लिहून ते दिव्याच्या मशीनने भिंतीवर पाडायचे, नाहीतर कॉम्प्युटर. एका ट्रस्टींच्या कारखान्यातून प्रोजेक्टर येणार होता. तोपर्यंत आम्ही प्रोजेक्टर हा शब्द फक्त सिनेमाच्या संदर्भात ऐकला होता.

शाळेत तेव्हा एक कॉम्प्युटर रूम होती. बाहेर चपला काढाव्या लागत. आत एसी होता, पण तो आमच्यासाठी नव्हता, मशिनांसाठी होता. आम्ही हात पुसून, पाय न वाजवता आत जायचो आणि एका मशीनभोवती चौघी बसायचो. एकीने माऊस धरायचा, बाकीच्यांनी बघायचं. देवळातसुद्धा आम्ही इतक्या शहाण्यासारख्या वागत नव्हतो.

घरी मी ही बातमी सांगितली तेव्हा बाबा चहा पीत होते. म्हणाले, "एकतीस तारखेला सगळे कॉम्प्युटर बंद पडणार म्हणतात. तुझ्या मगरी आत अडकल्या म्हणजे?"

मी चिडले. मग ते म्हणाले, "चार्ट मी काढून देतो की. नेहमीसारखा."

हे 'नेहमीसारखा' म्हणजे काय ते सांगायला हवं. बाबा नंदेसरीच्या एका केमिकल कारखान्यात पंपांच्या देखभालीवर होते. कंपनीच्या बसने यायचे. दारातून आधी त्यांच्या कपड्यांचा उग्र वास आत यायचा आणि मग बाबा. आमच्या घराण्यातल्या चार पिढ्या संस्थानच्या फौजेत. संस्थान गेलं तरी आजोबांच्या खांद्यावरची बंदूक काही गेली नाही, ते एका बँकेच्या दारात पहाऱ्यावर उभे राहिले. त्या घरात बाबांच्या हातात चित्र आलं. कुठून आलं कुणास ठाऊक. या शहरात चित्रकलेचं नामांकित कॉलेज आहे. बाबा तरुणपणी त्याच्या फाटकापुढून सायकलने आयटीआयला जायचे, दोन वर्षं, जाताना आणि येताना. आत एकदाही गेले नाहीत. "आत काय काम होतं माझं?" असं म्हणायचे.

तर पाचवीपासून माझे सगळे चार्ट त्यांनी काढलेले. लहरीपुऱ्याच्या एका दुकानातून ते निब आणि काळी शाई आणायचे आणि सुट्टीच्या दिवशी जमिनीवर पालथे पडून काढत बसायचे. हृदयाचे कप्पे, जास्वंदीचा उभा छेद, बेडकाचं पोट. शाळेत ते चार्ट वर्षानुवर्षं भिंतीवर राहिले. आणि प्रत्येक वेळी कुणी ना कुणी मला विचारायचंच, "तारा पप्पाए बनाव्युं ने?" तुझ्या पप्पांनीच केलंय ना? तेरा वर्षांच्या मुलीला या प्रश्नातलं कौतुक ऐकू येत नाही. नुसता ठपका ऐकू येतो. मला माझं स्वतःचं असं काहीतरी हवं होतं, आणि ते बिजलच्या घरच्या कॉम्प्युटरमध्ये आहे अशी माझी खात्री होती.

बिजल माझी मैत्रीण आणि प्रोजेक्टमधली जोडीदार. तिच्या वडिलांचा वाघोडियाला प्लास्टिकच्या पिशव्यांचा कारखाना होता. त्यांच्या दिवाणखान्यात कॉम्प्युटर होता आणि त्याच्यावर तिच्या आईने शिवलेलं झालरीचं झाकण. आम्ही ते दोघींनी मिळून, दोन टोकं धरून उचलायचो. बिजलची आई खमंग हांडव्याच्या बशा आणून द्यायची आणि दारात उभी राहून म्हणायची, "जोजो, काई बगडे नहीं." बघा हं, काही बिघडायला नको.

पण आधी मगरी बघायला हव्या होत्या, आणि ते काम बाबांनी स्वतःहून अंगावर घेतलं. नाताळची सुट्टी होती. बाबांची रात्रपाळी. सकाळी ते घरी यायचे, चहा घ्यायचे, तोंडावर पाणी मारायचे, आणि झोपायच्या ऐवजी मला स्कूटरवर मागे बसवून पुलावर घेऊन जायचे. कठड्याला टेकून आम्ही दोघं उभे. माझ्या हातात वही. तारीख, वेळ, ऊन आहे का ढग, किती दिसल्या. बाबांचे डोळे जागरणाने लाल झालेले, पण मगर आधी त्यांनाच दिसायची. "ते बघ, बाभळीच्या उजव्या हाताला. लाकूड नाही ते." आणि मग ते लाकूड हळूच पापणी हलवायचं.

त्यातल्या एकीचं शेपूट टोकाकडून तुटलेलं होतं. बाबांनी तिचं नाव 'बांडी' ठेवलं. ती रोज एकाच जागी यायची, सव्वानऊच्या सुमाराला. तिला उशीर झाला की बाबा घड्याळ बघायचे. "आज बांडी लेट आहे. तिची पण पाळी बदलली वाटतं." एकदा तिने तोंड मिटलं तेव्हा बाबांनी माझा खांदा दाबला. "दात बघ. खालचा चौथा. तोंड मिटलं तरी बाहेर दिसतो." त्या अंतरावरून मला काही दिसलं नाही. मी हो म्हटलं. पुढच्या खेपेला ते कुणाकडून तरी दुर्बीण मागून घेऊन आले आणि तेव्हा खरंच दिसला, वरच्या ओठाच्या खाचेत बसलेला, पिवळट, एकटा दात.

आता वाटतं, त्या दहा-बारा सकाळी हाच खरा प्रोजेक्ट होता. बाकी सगळं त्याचं वेष्टन. पण हे कळायला तेराव्या वर्षी अक्कल नसते, आणि अक्कल येते तेव्हा पुलाच्या कठड्याला जाळी बसलेली असते.

बिजलच्या मामाचा कॅमेरा आणून आम्ही एक रोल संपवला होता. फोटो धुऊन आले. छत्तीसच्या छत्तीस फोटोंत नदीकाठ, बाभळी आणि चिखल. बिजलने एकेक फोटो उलटसुलट करून पाहिला. "आमां मगर क्यां छे?" यात मगर कुठाय? मी नखाने दाखवलं. तिला पटलं नाही. खरं म्हणजे मलाही पटलं नव्हतं.

तेव्हा बाबा म्हणाले, "मी काढतो बांडीला." आणि मग त्यांनी विचारलं, "त्या पडद्यावर चित्र केवढं दिसेल?"

मी म्हटलं, "भिंतीएवढं."

"भिंतीएवढं?" त्यांनी आमच्या हॉलच्या भिंतीकडे पाहिलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत. पुढे दोन दिवस ते जेवताना, पाणी पिताना, मध्येच त्या भिंतीकडे बघत होते, हे मला आठवतं. रविवारी चित्र झालं. सुंदर झालं. पण सोमवारी सकाळी बघते तर बाबा नव्या कागदावर पुन्हा तेच काढायला बसलेले. मी विचारलं तर म्हणाले, "अगं, एवढ्याशा चित्रात रेघ जाड झाली तर चालून जातं. भिंतीवर ती दोरखंडाएवढी दिसेल. मोठं केलं की चुका पण मोठ्या दिसतात." पाठीवरचा प्रत्येक खवला त्यांनी बारीक निबने परत काढला. दात तर त्यांनी श्वास रोखून काढला. खाली कोपऱ्यात वळणदार अक्षरात लिहिलं, 'बांडी, विश्वामित्री'. स्वतःचं नाव लिहिलं नाही.

एकतीस डिसेंबर आला आणि गेला. एकही कॉम्प्युटर बंद पडला नाही. उत्तरायणाला आम्ही अगाशीवर होतो, बोटांना मांज्याचे काप, चहूकडून 'काप्यो!'च्या आरोळ्या, आईच्या हातच्या तिळाच्या वड्या. बाबा फिरकी धरून उभे होते आणि शेजारच्या काकांना सांगत होते, "पुढच्या शनिवारी आमच्या मनूच्या शाळेत जायचंय. माझं एक चित्र आहे. भिंतीएवढं दाखवणार आहेत." काकांचं लक्ष पतंगात होतं. बाबांनी ते त्यांना परत एकदा सांगितलं.

पुढच्या गुरुवारी चित्र स्कॅन करायला मी आणि बिजल तिच्या घराजवळच्या सायबर कॅफेत गेलो. तिथल्या भाईने काचेवर कागद पालथा ठेवला, झाकण लावलं. झाकणाच्या फटीतून पांढरा उजेड सरकत गेला आणि समोरच्या पडद्यावर बांडी वरून खाली उमटू लागली. आधी नाक, मग तो दात, मग पाठ, आणि शेवटी तुटकं शेपूट. माझ्या अंगावर काटा आला. इतकं मला ते आवडलं होतं, हे मुद्दाम सांगते. नाहीतर पुढचं ऐकून वाटेल की मला चित्र कळलंच नाही.

अडचण झाली ती फ्लॉपीची. आत्ताच्या मुलांना फ्लॉपी म्हणजे काय ते सांगावं लागतं: तळहाताएवढी चौकोनी चपटी डबी, आणि तिच्या पोटात आजच्या एका फोटोएवढीही जागा नाही. शाळेतल्या मशिनांत फक्त ती चालायची. एकट्या बांडीनेच फ्लॉपी जवळजवळ भरली. चित्र लहान करून पाहिलं तर रेघा एकमेकींत मिसळल्या आणि दात गेला. आणि आम्हाला तर आवाज हवे होते. टाइपरायटरसारखी टकटक करत एकेक अक्षर येणार होतं, आणि गाडीचा ब्रेक लागल्याच्या आवाजात मगर पडद्यावर घसरत येणार होती. बिजलकडच्या ज्ञानकोशाच्या सीडीत एक तयार मगर होती, हिरवीगार, गुळगुळीत. खोटं कशाला बोलू, त्या मगरीला ब्रेक लावण्यात आम्ही दोघी एक अख्खी दुपार पोट धरून हसलो होतो. तेव्हाइतकं मी पुढे कुठल्याही कॉम्प्युटरपुढे हसलेले नाही.

शेवटी ठरवायची वेळ आली. बिजल म्हणाली, "ड्रॉइंग सारुं छे, मनीषा. पण बधा कहेशे, तारा पप्पाए करी आप्युं."

चित्र चांगलंय, पण सगळे म्हणतील, तुझ्या पप्पांनी करून दिलं. बस, एवढंच. तिने माझ्यावर काही जबरदस्ती केली नाही. माऊस माझ्या हातात होता. मशीनने विचारलं, नक्की काढून टाकायचं? मी हो म्हटलं. मशिनं तरी विचारतात.

त्या संध्याकाळी बाबा दारातच उभे होते. "आलं का पडद्यावर?"

"नाही बाबा. स्कॅनर बंद होता."

"काय झालंय त्याला?"

"काय माहीत. बंद होता."

"असं होय," बाबा म्हणाले आणि त्यांनी माझ्या हातातून चित्राचा कागद घेतला. तो वाकू नये म्हणून मी पुठ्ठ्यात घालून नेला होता. त्यांनी पुठ्ठा उघडून बघितला, परत मिटला, आणि गादीखाली सपाट ठेवून दिला. मला मनातून हुश्श झालं. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तेव्हा त्यांची पेचकसांची डबी टेबलावर उघडी पडली होती. आईचा मिक्सर पुन्हा रुसला असणार असं समजून मी ती खणात ठेवून दिली. बाबांच्या राज्यात काही बंद पडलेलं राहत नसे. शेजाऱ्यांचा पंखा, देवळातली घंटा, कुणाचं शिवणयंत्र. बोलावणं येण्याआधी ते जाऊन पोचायचे.

शनिवारी ते प्रदर्शनाला आले. इस्त्रीचा मोतिया रंगाचा बुशशर्ट, तेल लावून बसवलेले केस. कुणाशी तरी पाळी बदलून घेतली होती. संध्याकाळी घरी हळदीकुंकू होतं, आई त्या तयारीत होती, म्हणून एकटेच. हॉलमध्ये तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर बसले. आमची पाळी आली, दिवे मालवले, अक्षरं टकटक करत आली, आणि हिरवी मगर करकचून ब्रेक लावत पडद्यावर थांबली. हॉल हसला. टाळ्या पडल्या. बाबांनीही वाजवल्या, मी पाहिलं.

परीक्षक म्हणून प्राणिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक आले होते. बिनबाह्यांचा स्वेटर घातलेले, फार मृदू बोलणारे. त्यांनी विचारलं, "बेटा, आ मगर तमे विश्वामित्रीमां जोई?" ही मगर विश्वामित्रीत पाहिलीत का?

"हा, सर."

"मों बंध होय त्यारे नीचेनो दांत देखाय?"

तोंड मिटल्यावर खालचा दात दिसतो का? मी बाबांकडे पाहिलं. अंधारात त्यांनी नुसती मान हलवली. सांग, अशी.

"देखाय, सर. चोथो दांत."

"सरस. तो आमां केम नथी?"

मग ह्यात का नाही? मी पडद्याकडे पाहिलं. दात नव्हताच. ती मगर आमच्या देशातलीसुद्धा नव्हती, अमेरिकेतल्या कुठल्याशा दलदलीतली होती, तोंड मिटलं की खालचे दात झाकणारी. सरांनी ते हसत हसत, मुलांना समजावं तसं समजावून सांगितलं. कुणी आमची टर उडवली नाही. पण मला ठाऊक होतं की तो दात आमच्या घरी गादीखाली आहे, आणि हे हॉलमधल्या आणखी एका माणसालाही ठाऊक होतं.

आम्हाला उत्तेजनार्थ मिळालं. येताना बाबांनी पुलावर स्कूटर हळू केली. दुपार झाली होती, काठ रिकामा. "पडदा मात्र मोठा होता," ते म्हणाले. "भिंतीएवढा." मी मागे बसून त्यांच्या शर्टाची इस्त्री चुरगळत होते. तेव्हा सांगायला हवं होतं. तोंडाशी आलं होतं. मग सिग्नल सुटला.

त्यानंतर मी त्यांच्याबरोबर नदीवर गेले नाही. परीक्षा आली, मग दहावी, मग बारावी, मग सगळंच. खोटं लहान असलं की त्याला सांगायला मुहूर्त सापडत नाही. लग्नात रडताना ते सांगायचं का? रेवा झाली तेव्हा? आई गेली त्या दिवसांत? 'बाबा, स्कॅनर चालू होता,' हे वाक्य कुठल्याही प्रसंगी वेडगळच वाटलं असतं. मी नोकरीत शेकडो स्लाइड केल्या. अजूनही नवीन स्लाइड उघडली, पांढरी, रिकामी, की पहिल्या क्षणी मला तिच्यावर बांडी दिसते. बाबांनी पुढे माझ्यासाठी चित्र काढलं नाही, कारण मी मागितलं नाही. आता ते आमच्याकडेच असतात. हात थरथरतात. चहाचा कप अर्धाच भरून द्यावा लागतो. आणि थंडीत मी ऑफिसातून आले की हमखास विचारतात, "दिसली का?" मी सांगते, नाही. तेव्हाचं नदीवरचं बोलणं आमच्यात एवढंच उरलं आहे, आणि मला त्या सकाळी परत हव्या आहेत. सगळ्या. ते लाल डोळे, ती मागून आणलेली दुर्बीण, खांद्यावरचा तो हात.

तर परवाच्या रविवारी बाबा गॅलरीतल्या झोपाळ्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. मी शेजारी. दाणे निम्मे वाटीत, निम्मे खाली पडत होते. रेवा तिच्या तीन अॅपचं प्रकरण घेऊन त्यांच्याकडेही जाऊन आली होती, आणि त्यांनी तिला काहीतरी सांगितलं असावं, कारण थोड्या वेळाने ती आतून एक पुठ्ठा घेऊन आली. कडा पिवळ्या पडलेल्या. एवढी घरं बदलली, गाद्या बदलल्या, पुठ्ठा मात्र होता.

"आजोबा, हे कसलं भारी आहे! हे मी घेऊ स्लाइडवर?"

बाबांनी शेंगेवरची नजर काढली नाही. "घे की. पण आधी स्कॅनर चालू आहे का बघ."

रेवा हसली. "स्कॅनर कशाला? फोननेच होतं," म्हणत ती आत पळाली.

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. मी म्हटलं, "बाबा, तेव्हाही चालू होता."

"ठाऊक आहे मला."

त्यांनी सावकाश आणखी एक शेंग सोलली. "दुसऱ्या दिवशी पेचकस घेऊन गेलो होतो मी तिथे. रात्रपाळी होती, सकाळ मोकळी. म्हटलं, पट्टा सरकला असेल, नाहीतर एखादी वायर. अर्ध्या तासाचं काम. शनिवारच्या आत होऊन जाईल तुझं." पडलेला दाणा त्यांनी वाकून उचलला. "त्या भाईने माझ्यासमोर लावून दाखवला. चांगलं मशीन होतं."

म्हणजे हॉलमध्ये तो बुशशर्ट घालून आले तेव्हा त्यांना माहीत होतं. टाळ्या वाजवल्या तेव्हा माहीत होतं. मी कसंबसं विचारलं, "मग तुम्ही शनिवारी आलात कशाला?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. प्रश्नच कळला नाही असं. "अगं, तुझा कार्यक्रम होता ना."

मी रडले. झोपाळ्यावर, तुरीच्या सालांत बसून, रेवाएवढी होऊन रडले. बाबांनी मला रडू दिलं. वाटी मात्र माझ्या मांडीवरून उचलून बाजूला ठेवली, दाणे सांडतील म्हणून.

आतून रेवाने हाक मारली. तिने चित्र टीव्हीवर लावलं होतं. आम्ही दोघं दारात जाऊन उभे राहिलो. बांडी टीव्हीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरली होती, खवला न्‌ खवला वेगळा, आणि खाचेत बसलेला तो दात. बाबा भिंत धरत जवळ गेले. चष्मा वर करून पाहिलं, खाली करून पाहिलं.

"शाळेत याच्याहून मोठं दिसेल?" त्यांनी विचारलं.

"आजोबा, भिंतीएवढं," रेवा म्हणाली.

बाबांनी नाकापासून शेपटापर्यंत बोट फिरवलं. मग म्हणाले, "तर मग शेपटाजवळची रेघ जरा जाड आहे. तेवढी मला परत काढू दे."